मीच नोंदवलेलं पत्र

डॉक्टरांनी डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत तासभर बाहेर बाकावर बसवलं आणि मग अंधाऱ्या खोलीत नेऊन कपाळाला लावलेल्या दिव्याच्या उजेडात बराच वेळ आत बघितलं. बघून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो डोळ्यांचा नव्हताच. "तुमच्या आईवडिलांचं लग्न नात्यात झालंय का?"

मी म्हणालो, "हो. आई म्हणजे वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी."

"मग बरोबर. याला रेटिनायटिस पिग्मेंटोसा म्हणतात. डोळ्याच्या मागे एक नाजूक पडदा असतो, रेटिना. त्याच्या पेशी कडेकडून मरत येतात. आधी संध्याकाळचं दिसणं जातं, मग बाजूचं, शेवटी मधलं. औषध नाही, ऑपरेशन नाही, चष्म्याने फरक पडणार नाही. पाच वर्षं लागतील की पंधरा, ते सांगता येत नाही. मुलांचे डोळेही तपासून घ्या."

हे औरंगाबादला झालं, नव्वद सालाच्या जरा आधी. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. बायको कमल बरोबर होती, पण डॉक्टर भरभर बोलले आणि तिला नीट कळलं नाही. बाहेर आल्यावर तिने दंड धरला. "आवं, ते नेमकं काय म्हणून राह्यले?"

"नंबर वाढलाय म्हणतात," मी म्हणालो. तिथून माझं खोटं बोलणं सुरू झालं आणि जवळजवळ नऊ वर्षं चाललं.

ज्यांना हा आजार नव्याने कळलाय, किंवा नोकरीत असताना ज्यांचे हात, पाय, कान, काहीही जायला लागलंय, त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. लिहितोय म्हणजे सांगतोय. लिहून घेतेय माझी मुलगी सुनंदा. धीर देणारं काही वाचायचं असेल तर दुसरीकडे बघा. माझ्याकडचा धीर संपला आहे आणि उसना आणून वाटायची मला सवय नाही.

आमचं गाव राजूरजवळ. लहानपणी दिवेलागण झाली की मी बिनकामाचा व्हायचो. चतुर्थीला गणपतीच्या गर्दीत आत्याचा पदर सोडायचो नाही. घरच्यांनी रातांधळा म्हणून सोडून दिलं होतं. कलेजी खाऊ घातली, गाजरं खाऊ घातली. दिवसा सगळं स्वच्छ दिसायचं, त्यामुळे मीही कधी मनावर घेतलं नाही. बी.कॉम. झालो, अंबडला एका सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागलो. खातं कोणतं ते सांगत नाही. तिथली माणसं चांगली होती, आणि त्यांच्या चांगुलपणाचीच ही गोष्ट आहे.

माझं टेबल आवक-जावकचं. बाहेरून आलेलं प्रत्येक पत्र आधी माझ्याकडे यायचं. मी त्यावर शिक्का मारायचो, क्रमांक टाकायचो आणि रजिस्टरात चार गोष्टी उतरवायचो: तारीख, कुठून आलं, त्यांचा क्रमांक आणि विषय. मग पत्र ज्याचं त्याच्या टेबलावर. माझ्या हातून गेल्याशिवाय त्या इमारतीत कागद हलत नसे, आणि मला त्याचा रुबाब होता, खोटं कशाला बोलू.

औरंगाबादहून आल्यानंतर चारेक वर्षांत बाजूचं दिसणं गेलं. वर्तमानपत्राची सुरळी करून तिच्यातून बघावं तेवढं उरलं. समोरच्याचं नाक दिसायचं तर हात दिसत नसे, त्याने नमस्कार केला की मी तसाच पुढे जायचो. लोक म्हणू लागले, शिंदे भाऊसाहेबांना माज आलाय. वाटू दे माज, पण आंधळा वाटायला नको, असं मी ठरवून टाकलं होतं.

लपवण्यात मी फार हुशार निघालो. दारापासून टेबलापर्यंत अकरा पावलं. मधलं कपाट मी कुणाला हलवू दिलं नाही, साहेबांनाही नाही. सायकल विकली, गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. मावळायच्या आत घरी पोचायचं म्हणून पोटाचं दुखणं काढलं. एकेका अक्षरावर नजर धरून वाचायचो, त्याने दुपारपर्यंत डोकं फुटायला यायचं. दोनदा व्हरांड्याच्या पायऱ्यांवरून पडलो आणि दोन्ही वेळा चप्पल निसटली म्हणालो. टेबल खिडकीशी सरकवून घेतलं असतं, एक चांगला दिवा आणि भिंग मागितलं असतं, तरी त्या काळात बरंच निभलं असतं. पण मागायचं म्हणजे आधी सांगावं लागलं असतं.

फक्त एका माणसाला सांगितलं. आमचे शिपाई, शेख मामू. शिक्षण उर्दू शाळेत सातवीपर्यंत, मराठी नोकरीत लागल्यावर शिकलेले. शब्द जोडत जोडत, खणखणीत आवाजात वाचायचे. रोज ऑफिस भरायच्या आधी आम्ही दोघं बसायचो. मामू टपाल वाचायचे, मी लिहायचो. वेळ कमी, म्हणून आमचा करार होता: रजिस्टराला लागतात त्याच चार गोष्टी वाचायच्या, आतला मजकूर वाचायचा नाही. जाड निबाच्या पेनाने मी ओळी बोटाने मोजून लिहायचो. नोंदी सरळ यायच्या. साहेब कौतुक करायचे.

एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर टपालाचा ढीग साचला होता. त्यात मामूंनी एक पत्र उचललं. "ईषय... अपंग व्यक्ती, समान संधी, हक्कांचे संरक्षण... लई लंबं नाव हाये भाऊसाहेब. कायदा हाये, पंच्याण्णव सालचा. आत वाचू का?"

अपंग म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आला बसस्टँडजवळचा कुबड्यावाला, एस.टी.डी. बूथ चालवणारा. मी काही अपंग नव्हतो. मला कमी दिसत होतं, एवढंच.

"नको," मी म्हणालो. "पुढचं घ्या."

शिक्का मारला, क्रमांक टाकला. पत्र आस्थापनेच्या टेबलावर गेलं. आस्थापना म्हणजे नोकरांच्या रजा, बढत्या, नेमणुका बघणारं टेबल. तिथून ते फाइलला लागलं. मी विसरून गेलो.

मग मामूंच्या मुलीचं लग्न निघालं आणि ते परतूरला आठ दिवस रजेवर गेले. ते आठ दिवस मी अंदाजाने काढले. रजा मलाही घेता आली असती. पण मी नसताना कुणी माझं रजिस्टर उघडेल, काहीतरी धरेल, या भीतीने मी रोज हजर राहिलो. त्या आठ दिवसांत जावक टपाल काढताना मी एका गावाचा पत्ता दुसऱ्या गावाच्या पाकिटावर चिकटवला. आत एका विधवा बाईच्या सुनावणीची नोटीस होती. नोटीस तिला मिळाली नाही, तारीख निघून गेली, निकाल तिच्याविरुद्ध गेला.

ती बाई ऑफिसात आली. आरडाओरडा केला नाही. माझ्या टेबलासमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "माझा कागद कुठं गेल्ता, भाऊ? मी रोज वाट पाहून राह्यले होते ना." तिचा चेहरा मला दिसत नव्हता. हिरव्या पातळाचा तुकडा तेवढा दिसत होता. तिच्या प्रकरणाची पुढे फेरतपासणी झाली असं ऐकलं, काय झालं ते ठाऊक नाही. विचारायची हिंमत झाली नाही. माझ्या आजाराने माझं काय केलं ते सांगायला मला फार आवडतं, पण माझ्या लपवण्याने तिचं काय केलं तेही या कागदावर राहू दे.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, एक कागद हातात दिला आणि वाचा म्हणाले. दुपारची वेळ, खोलीत ट्यूबलाइट. मी कागद नाकाला लावला, लांब धरला, तिरपा केला. शेवटी टेबलावर ठेवून दिला. साहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होते. ते उठले आणि स्वतः पाण्याचा ग्लास आणून माझ्या हातात दिला.

रागावले असते तर मी भांडलो असतो. पण त्या ऑफिसात मला कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. हेडक्लार्क पाठक संध्याकाळी घरी आले, कमलच्या हातचा चहा घेतला, आणि तिला पहिल्यांदा खरं काय ते तेव्हा कळलं. माझ्याकडून नाही, पाठकांकडून. ती उठून आत गेली. पाठक हळू आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब, वैद्यकीय कारणावर निवृत्ती घेऊन टाका. पेन्शन बसंल. आन् अनुकंपावर पोरीचं नाव लावू. सुनंदा बी.ए.ला हायेच. जागा घरातच राहील."

अनुकंपा म्हणजे नोकरीतला माणूस गेला किंवा आजाराने निकामी झाला, तर घरातल्या एकाला नोकरी द्यायची तरतूद. आमच्याकडे तो रिवाजच झाला होता. खुर्ची म्हणजे बांधाला लागून असलेलं वावर, बापाने सोडायचं आणि लेकराने कसायचं. माणूस मरण्यापेक्षा आंधळा होऊन जागा सोडतोय, यात घराचं भलंच आहे, असं सगळ्यांना मनापासून वाटत होतं. मलाही वाटलं.

तरी मी एकदा विचारलं, "पाठक, मला दुसरं काही काम?"

"डोळ्याबिगर कसलं काम देणार, भाऊसाहेब? वाईट वाटून घेऊ नका."

ते माझ्या वाइटावर नव्हते. कायद्याचं ते पत्र त्यांच्या मागच्या कपाटात होतं आणि त्यांनीही ते वाचलेलं नव्हतं.

अर्ज मी स्वतः दिला. स्वेच्छेने, असा शब्द त्यात आहे. मग जालन्याला मेडिकल बोर्डापुढे तीन फेऱ्या झाल्या. बाकावर बसायचं, नाव पुकारेपर्यंत उठायचं नाही, पुकारलं की कुठल्या दिशेला जायचं ते कमलला विचारायचं. फील्ड टेस्ट झाली. त्यात हनुवटी एका टेकूवर ठेवून पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात सरळ बघायचं असतं. इकडे तिकडे बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. औरंगाबादला मी अंदाजाने बटण दाबून डॉक्टरांना फसवायचा प्रयत्न केला होता. या वेळी प्रामाणिक राहिलो.

डॉक्टरांनी विचारलं, "झोप लागली का? बटण दाबा की."

"दिसलं की दाबतो," मी म्हणालो.

त्यांनी यंत्र बंद केलं. "नजरेचा घेर वीस अंशांच्या आत आला की कायदा माणसाला अंध धरतो. तुमचा दहासुद्धा नाही. शंभर टक्के लिहितोय." इतकी वर्षं मला दिसतंय हे सिद्ध करण्यात घालवली आणि दिसत नाही हे सिद्ध व्हायला वीस मिनिटं लागली. बाहेर येऊन मी रडलो. कमलही रडली, पण माझ्यापासून लांब बसून. नऊ वर्षांचं खोटं तिने अजून माफ केलेलं नव्हतं.

निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ आणि भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ. आंधळ्याला घड्याळ देताना कुणाच्या मनातही काही आलं नसणार, रिवाजच घड्याळ द्यायचा. सुनंदाला पहिल्या रांगेत बसवलं होतं. पाठक भाषणात म्हणाले, "आपले नवे भाऊसाहेब हितंच बसलेत." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझी अकरा-बारा वर्षांची नोकरी शिल्लक होती.

सुनंदाचं नाव प्रतीक्षा यादीत लागलं. नियम असा की मुलगी अविवाहित पाहिजे. लग्न झालं की हक्क गेला. बी.ए. झाल्यावर तिने टायपिंग केलं, मराठीच्या मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या दोन्ही परीक्षा. मी दर महिन्याला फोन करून यादी कुठवर आली ते विचारायचो. टेंभुर्णीचं एक चांगलं स्थळ आलं होतं, मुलगा शिक्षक. आम्ही थांबा म्हणालो. ते वर्षभर थांबले, मग त्यांनी दुसरीकडे लग्न केलं. पुढच्या स्थळांनी नोकरीचं विचारलं नाही, डोळ्यांचं विचारलं. सुनंदाचे डोळे मी तपासून घेतले होते, चांगले आहेत. कागद दाखवला तरी लोक तिच्याऐवजी माझ्याकडे बघायचे, असं कमल सांगायची.

"पोरीचं वय चाललंय," कमल म्हणायची, "आन् तुमचं आपलं यादी, यादी."

मी घरी काय करत होतो? साडेनवाला आंघोळ करून, शर्ट-पँट घालून खाटेवर बसायचो. अकरा पावलं आठवायचो. दुपारी जेवून परत बसायचो. ज्या माणसाच्या हातून गेल्याशिवाय कागद हलत नव्हता, त्याला आता मोरीत नेऊन सोडावं लागत होतं. आपण मेलो असतो तर यादी लवकर हलली असती का, असा विचार मी केलाय. हे वाक्य लिहू नको म्हणालो होतो, सुनंदाने ऐकलं नाही.

दोन-अडीच वर्षं अशी गेली. मग एस.टी.च्या सवलतीसाठी अंधाचा पास काढायला जालन्याला शिबिर होतं. बाकावर शेजारी एक गृहस्थ होते, बँकेत टेलिफोन ऑपरेटर. त्यांचीही नजर नोकरीत असताना गेली होती. काउंटरवरून त्यांना फोनवर बसवलं, पगार तोच. माझी हकीकत ऐकून त्यांनी विचारलं, "तुमाला घरी कुणी पाठवलं?"

"मीच अर्ज दिला."

"सत्तेचाळिसावं कलम कुणी सांगितलं न्हाई का? नोकरीत आसताना अपंगत्व आलं तर काढता येत न्हाई, खालच्या हुद्द्यावर ढकलता येत न्हाई. तेच काम जमत नसंल तर त्याच पगारावर दुसरं द्यावं लागतं. कुठंच जागा नसंल तर ज्यादा जागा करून ठेवावं लागतं. पंच्याण्णव सालचा कायदा हाये. सगळ्या हाफिसांना पत्रं गेल्ती."

सगळ्या हाफिसांना. म्हणजे आमच्याही, आणि आमच्याकडे आलेलं पत्र माझ्याच टेबलावरून गेलं असणार. पास न काढताच कमलला म्हणालो, अंबडला चल.

शेख मामू तेव्हा निवृत्तीला आले होते. त्यांनी जुन्या फायली धुंडाळल्या आणि दोन दिवसांनी ती फाइल सापडली. रेकॉर्ड रूमच्या पायरीवर आम्ही बसलो. पत्रावर आमच्या ऑफिसचा शिक्का होता, आवक क्रमांक होता, आणि मामू म्हणाले, "अक्षर तुमचंच हाये. जाड निबाचं." मग त्यांनी ते पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. शब्द जोडत, आवाज न चढवता. सत्तेचाळिसावं कलम दुसऱ्या पानावर होतं. मला पाहिजे होतं ते सगळं त्यात होतं. दिवा, भिंग, खिडकीजवळचं टेबल मागायचा हक्कच समजा. माझ्या पुढच्या अकरा वर्षांचा पगार होता. आणि ते माझ्या बोटांखालून गेलं होतं.

मामू रडायला लागले. "मी इचारलं होतं भाऊसाहेब, आत वाचू का. तुमीच म्हणले, पुढचं घ्या."

"हो," मी म्हणालो. "मीच म्हणालो."

वकिलाने पत्र ऐकून घेतलं आणि विचारलं, निवृत्ती स्वेच्छेने घेतली आहे ना? मी हो म्हणालो. तो म्हणाला, मग आता फार अवघड आहे. पुढे आणखी काही वर्षांनी, आजारामुळे घरी गेलेल्यांच्या वारसांना नोकरी द्यायची तरतूदच बंद झाली. यादीतल्या जुन्या नावांचं काय, ते वरून कळेल असं ऑफिसातून सांगितलं. वरून काही कळलं नाही. सुनंदा आता एका खाजगी शाळेत शिकवते. लग्नाचं बोलणं आम्ही काढत नाही, तीही काढत नाही.

मधली नजरही आता गेली. उजेड आणि अंधार एवढं कळतं.

तुमच्यापैकी कुणाला हे नुकतंच कळलं असेल, तर एवढंच सांगतो. आजच ऑफिसात सांगा, तोंडी आणि लेखी. तुमच्या लाजेला दुसऱ्याची सुनावणी बळी जाऊ देऊ नका. प्रमाणपत्र काढा. पाठकांसारखी प्रेमळ माणसं चहा प्यायला आली तर चहा पाजा, पण सही करू नका. दर वर्षी एक-दोघं जण असे माझ्याकडे येतात, ऐकतात, आणि त्यातले निम्मे तरी जाऊन सही करतातच. त्यांच्या घरातही एखादी सुनंदा असते.

आभार मानायचे तर शेख मामूंचे. त्यांनी दोन्ही वेळा त्याच निष्ठेने वाचलं.

इथे मी थांबलो आणि सुनंदाला म्हणालो, खाली तारीख टाक. तिने पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. "नाना, एक माझं लिहू का?"

लिही म्हणालो. मग तिने वाचून दाखवलं:

"मला कुणी विचारलंच न्हाई. पहिल्या रांगेत बसले होते तेव्हा मला रडू येऊन राह्यलं होतं. नानांच्या खुर्चीवर मला बसायचंच नव्हतं. त्यांनी सांगितलं असतं, तर मामू रजेवर होते ते आठ दिवस कॉलेज बुडवून मी टपाल वाचायला गेले असते. रोजसुद्धा गेले असते. आतला मजकूरसुद्धा वाचला असता."

तिचं वाचून झालं. पुढचं घे म्हणायची माझी जुनी सवय तोंडापर्यंत आली होती, ती गिळली.

"पुन्हा वाच," मी म्हणालो. "सावकाश, सगळं वाच."